मुलाची कार सीट: तोंड मागे कुठवर, पुढे कधी

मुलाचा पहिला वाढदिवस झाला, पाय समोरच्या पाठीला टेकू लागले, की घरात विषय निघतोच: आता सीट फिरवून त्याला पुढे बघू द्यायचं का? बहुतेक वेळा खरं उत्तर "अजून नाही" हेच असतं. सीट पुढे फिरवली की मुलाचं संरक्षण एका पायरीने कमी होतं. ही पायरी कधीतरी उतरावी लागतेच. ती किती उशिरा उतरता येईल, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मुलाच्या वयापेक्षा सीटच्या मापात जास्त दडलेलं असतं.

पुढे गोंधळ नको म्हणून: "सीट" म्हणजे मुलाची कार सीट, आणि गाडीला कंपनीकडून आलेली बैठक ती "आसन". खोक्यावर रिअर-फेसिंग लिहिलेलं असेल तर मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, फॉरवर्ड-फेसिंग असेल तर पुढच्या काचेकडे.

मानेचा हिशेब

समोरून टक्कर होते तेव्हा गाडी थांबते, पण आतली माणसं आधीच्याच वेगाने पुढे जात राहतात. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे खांदे आणि कंबर हार्नेसच्या, म्हणजे सीटच्या स्वतःच्या, पट्ट्यांनी धरलेली असते. डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. ते झटक्यासरशी पुढे जातं आणि त्याचा सगळा भार मानेवर येतो.

मोठ्या माणसाची मान हा झटका बऱ्यापैकी सोसते. नवजात बाळाचं डोकं मात्र शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात तेच प्रमाण सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतं. लहान मुलांच्या मानेचे स्नायू कच्चे असतात आणि मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. प्रत्येक मणक्याचे भाग कूर्चेने जोडलेले असतात, आणि मानेतल्या सर्वांत वरच्या मणक्यांचे हे जोड साधारण तिसऱ्या ते सातव्या वर्षांदरम्यान हळूहळू हाडाने भरून येतात. तोवर मणक्यांची साखळी बरीच ताणली जाऊ शकते, पण तिच्या आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. बाहेरून हाड मोडलेलं दिसत नसतानाही गंभीर इजा होते, ती यामुळे.

आकड्यांत बघायचं तर, युरोपीय प्रमाणांखाली सीटची समोरून धडकेची चाचणी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने होते आणि तीत गुरुत्वाकर्षणाच्या २० ते २८ पट जोराने वेग उतरतो. वर्षभराच्या मुलाचं डोकं अडीच किलोचं धरलं, तर त्या क्षणी मानेला ५० ते ७० किलोचं ओझं ओढल्यासारखं होतं. मूल मागे तोंड करून बसलेलं असेल तर त्याच धक्क्यात डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या कवचात दाबली जातात. जोर सगळ्या पाठीवर पसरतो, मान जवळपास सरळच राहते.

यावर हमखास विचारलं जातं की मागून गाडी धडकली तर मग उलटंच होणार ना? मागून बसणाऱ्या धडकेत दोन्ही गाड्या बहुधा एकाच दिशेने जात असतात, त्यामुळे वेगातला फरक कमी असतो आणि झटकाही समोरासमोरच्या टकरीपेक्षा सौम्य असतो. बाजूने धडक बसते तेव्हाही गाडी सहसा पुढे जातच असते, म्हणून मुलाचं डोकं थोडं पुढेही झेपावतं. मागे तोंड असेल तर ते कवचाच्या आतच राहतं.

ही कल्पना जुनी आहे. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या डॉक्टर-संशोधकाने १९६० च्या दशकात मागे तोंड असलेली पहिली सीट बनवून तपासली. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर पाठीवर रेलून जोर झेलतात, त्यावरून त्यांना ती सुचली होती. त्या देशात मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसणं आजही सर्वसाधारण आहे.

नियमातला आकडा हा किमान आकडा

सीटवरच्या लेबलवर तिने कोणतं प्रमाण पूर्ण केलंय ते लिहिलेलं असतं, आणि "फिरवायची कधी" याचं उत्तर त्यानुसार बदलतं.

जुनं युरोपीय प्रमाण आर ४४ वजनावर चालतं. गट ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, गट १ म्हणजे ९ ते १८ किलो. यात एक पळवाट राहून गेली होती: ९ किलो झालं की पुढे तोंड चालतं. अंगाने भरलेलं बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच ९ किलोचं होऊ शकतं, पण त्याची मान सात-आठ महिन्यांचीच असते. म्हणून २०१३ साली आलेल्या आर १२९ या प्रमाणाने (आय-साइझ हा त्याचाच भाग) वजनाऐवजी उंची धरली आणि वयाची अटही घातली. १५ महिने पूर्ण होण्याआधी पुढे तोंड करायचं नाही, आणि पुढे तोंड करायला उंची किमान ७६ सेंटिमीटर हवी. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. बाजूच्या धडकेची चाचणीही याच प्रमाणात आली. युरोपीय संघात आर ४४ च्या नव्या सीटची विक्री सप्टेंबर २०२४ पासून थांबली. घरात असलेली सीट वापरता येते, पण तिच्यावरच्या "९ किलो" या आकड्याला भुलू नये.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये किमान दोन वर्षं मागे तोंड ठेवा असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये तिने वयाचा आकडाच काढून टाकला. आता सल्ला असा: त्या सीटची मागे तोंडाची उंचीची किंवा वजनाची मर्यादा संपेपर्यंत फिरवू नका. आमच्या मते कोणत्याही देशात धरून चालावं असं हेच सूत्र आहे, आणि व्यवहारात ते बहुतेक मुलांना तीन ते चार वर्षांपर्यंत नेतं. अट एकच, सीट विकत घेताना मर्यादा बघून घेतलेली हवी.

कोणती सीट घ्यायची

हँडलची, उचलून नेता येणारी तान्ह्या बाळाची सीट फक्त मागे तोंड करूनच बसते. तिची मर्यादा बहुधा १३ किलोच्या आसपास असते, पण वजन भरण्याआधी उंचीच संपते. बरीच मुलं वर्ष-सव्वा वर्षात तिच्यात मावेनाशी होतात. इथेच पालकांची गफलत होते: ही सीट लहान पडली म्हणजे आता पुढे तोंड, असं समजलं जातं. पुढची खरेदी मागे तोंडाचीच, मोठ्या मापाची करायची असते.

कन्व्हर्टिबल सीट आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येते. जन्मापासून हीच घेतली तरी चालते, फक्त नवजात बाळाच्या खांद्याखाली पट्टा येईल इतकी खालची खाच तिला आहे का ते बघा. पुष्कळ सीटना नसते. या सीटमध्ये मागे तोंडाची मर्यादा कुठे १३ किलो, कुठे १८, कुठे २३ किंवा त्याहून जास्त असते. खोक्यावरचा "० ते ७ वर्षं" हा ठळक मजकूर याबद्दल काहीच सांगत नाही. बारीक अक्षरातली मागे तोंडाची मर्यादा शोधून वाचा.

त्याहूनही कामाचं माप म्हणजे कवचाची आतली उंची. बुडापासून, हेडरेस्ट सर्वांत वर ओढल्यावर त्याच्या वरच्या काठापर्यंत टेपने मोजा. घरी मुलाला भिंतीला टेकवून बसवा आणि बुडापासून टाळूपर्यंतचं अंतर घ्या. सारख्याच उंचीच्या दोन मुलांत एकाचं धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असतात. सीट संपते ती धडामुळे. दोन मापांत १० सेंटिमीटरचा फरक राहत असेल तर सीट चांगली काही वर्षं जाईल.

फिरणारी सीट पाठीवर ताण न देता मुलाला आत-बाहेर करायला फार सोयीची. तिच्याबद्दल आमची एकच कुरकुर आहे: पुढे तोंड करणं तिथे एका हाताचं काम असतं, त्यामुळे कंटाळलेल्या मुलासमोर पालक लवकर हरतात. काही सीटना ठरावीक उंचीच्या आत पुढे फिरू न देणारी कडी असते. ती असलेली बघून घ्या.

सीट कितीही महाग असली तरी ती तुमच्या गाडीत नीट बसत नसेल तर उपयोग शून्य. म्हणून विकत घेण्याआधी गाडीत लावून बघा. आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या आहेत का (पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर असतात), पुढचं आसन किती पुढे सरकवावं लागतं, आणि पायाजवळच्या जमिनीखाली सामानाचा कप्पा तर नाही ना, हे तिथेच कळतं. असा कप्पा असेल तर सपोर्ट लेगवाली (पुढून गाडीच्या जमिनीवर टेकणारा आधाराचा पाय असलेली) सीट तिथे चालत नाही. झाकण पोकळ असतं, धडकेत पाय आत घुसतो. काही गाड्यांना कप्पा भरून काढायचा कंपनीचा खास ठोकळा मिळतो. कप्प्यात पुस्तकं किंवा फडकी कोंबणं हा उपाय नव्हे.

मागे तोंड करून बसवताना

जागा मागच्या आसनावरची. पुढच्या आसनासमोरची एअरबॅग चालू असेल तर मागे तोंडाची सीट तिथे कधीही ठेवायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते आणि तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. सीटचं कवच आणि त्यामागे असलेलं बाळाचं डोकं तिच्या अगदी समोर येतं. गाडीला दोनच आसनं असतील तर एअरबॅग किल्लीने किंवा मेनूतून बंद करा आणि डॅशबोर्डवरचा "बंद" दिवा लागलाय हे प्रत्येक वेळी बघा.

मागच्या आसनावर मधली जागा दोन्ही दारांपासून सर्वांत लांब, म्हणून चांगली. पण ती बहुधा अरुंद, उंचवट्याची आणि आयसोफिक्स नसलेली असते. मध्ये डुगडुगणाऱ्या सीटपेक्षा कडेला घट्ट बसलेली सीट बरी. डाव्या-उजव्या जागांच्या आतल्या कड्या "उसन्या" घेऊन मध्ये आयसोफिक्स लावणं हे गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच करायचं.

गाडी सपाट जागी उभी करा. सीट ठेवून आधी कोन लावा. नवजात बाळासाठी पाठ बरीच रेललेली, उभ्या रेषेपासून साधारण ४५ अंश, पण त्याहून जास्त नाही. सीटवर बुडबुडा किंवा रेघ असते तीवरून कोन जमवा. फार उभी ठेवली तर झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. तान्ह्या बाळाला हाच मोठा धोका. फार आडवी ठेवली तर धडकेत बाळ खांद्यांच्या दिशेने वर सरकतं. मान सावरली की पुस्तिका सांगेल त्या मर्यादेत सीट जास्त उभी करता येते, आणि मोठ्या मुलाला तसं आवडतंही, बाहेरचं दिसतं. बैठकीच्या उतारामुळे कोन जमत नसेल तर काही उत्पादक सीटच्या पुढच्या, म्हणजे मुलाच्या पायांकडच्या, काठाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवू देतात, काही देत नाहीत. आपल्या पुस्तिकेत बघा.

मग सीट जखडा. आयसोफिक्स असेल तर दोन्ही बाजूंचा "खट्" आवाज ऐका आणि दोन्ही खुणा हिरव्या झाल्या का बघा. एकच बाजू लागलेली असणं ही अगदी नेहमीची चूक. सपोर्ट लेग असेल तर तो जमिनीला ठाम टेकेपर्यंत लांब करा, पण इतका नाही की सीटचा बुडखा आसनावरून उचलला जाईल.

गाडीच्या बेल्टने बसवत असाल तर मागे तोंडासाठीची वाट वेगळी असते. युरोपीय सीटवर ती निळ्या खुणांनी दाखवलेली असते, पुढे तोंडाची लाल. बेल्ट ओवून बकल लावा, सीटवर हाताने वजन द्या आणि ढिलाई ओढून काढा. नुसतं ओढून पुरत नाही, बेल्ट अडकवावा लागतो. काही गाड्यांत बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून परत सोडला की तो टकटक करत एकाच दिशेने आत जातो आणि बाहेर येणं थांबतं. नाहीतर सीटलाच बेल्ट आवळून धरणारा चिमटा असतो. दोन्हीपैकी एक वापरा. गाडीच्या बकलचा दांडा लांब असून तो सीटच्या काठावर वाकत असेल तर बेल्ट कधीच घट्ट होत नाही आणि धडकेत बकल मोडू शकतं; अशा वेळी जागा किंवा सीट बदलणं हाच मार्ग.

आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही एकदम लावले तर दुप्पट सुरक्षित, असं वाटतं. तसं नसतं. दोन्हीची चाचणी वेगवेगळी झालेली असते आणि दोन्ही मिळून भलत्याच ठिकाणी ताण देऊ शकतात. पुस्तिका सांगत असेल तरच दोन्ही.

घट्टपणा तपासायचा तो बेल्ट किंवा आयसोफिक्स जिथून सीटला धरतं त्याच जागी. तिथे धरून डावी-उजवी आणि मागे-पुढे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर सैल आहे. वरचं टोक धरून हलवू नका; मागे तोंडाच्या सीटचं वरचं टोक थोडं हलणारच, त्यात दोष नाही.

पट्टे: चूक होते ती रोज इथे

सीट एकदा बसते, पट्टे रोज लागतात. आणि बहुतेक ढिसाळपणा इथेच असतो.

मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून. हा फरक जोराच्या दिशेमुळे आहे. मागे तोंड असताना समोरच्या धडकेत मूल कवचावरून वर सरकू पाहतं, खालून आलेला पट्टा त्याला खाली धरतो. पुढे तोंड असताना मूल पुढे ओढलं जातं; पट्टा खांद्याखालून येत असेल तर तो आधी खांद्यांवर खाली दाबतो आणि पाठीच्या कण्याला चेपतो.

मुलाचं बूड अगदी मागे, फटीपर्यंत टेकवा. पट्टे पिळलेले नाहीत ना बघा. बकल लावून आधी मांड्यांवरची ढिलाई वर ओढा, मग पुढची दोरी किंवा पट्टी ओढून खांद्याची. आता कॉलरच्या हाडाजवळ पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उभा पकडून बघा. पट्ट्याची घडी चिमटीत येत असेल तर सैल. बोटं घसरली तर बरोबर. अमेरिकी सीटना छातीवर क्लिप असते, ती काखेच्या रेषेत हवी. पोटावर आली तर पट्टे खांद्यावरून निसटतात आणि क्लिप मऊ पोटावर दाबते.

जाडजूड जॅकेट, फुगीर कोट हार्नेसखाली नको. पट्टा कोटावर घट्ट वाटतो, पण धडकेत कोटातली हवा निघून जाते आणि तेवढीच जागा मोकळी होते. पडताळून बघायचं असेल तर कोट घालून पट्टे आवळा, काहीही सैल न करता मूल बाहेर काढा, कोट उतरवून पुन्हा बसवा. आता चिमटीत किती पट्टा येतो ते बघितलं की पटवून द्यावं लागत नाही. थंडी असेल तर पट्टे लावून वरून पांघरूण घाला. सीटबरोबर न आलेल्या गाद्या, मानेच्या उश्या, पट्ट्यांवरची जाड आवरणं यांचंही तसंच. सीटच्या चाचणीत ती नव्हती.

जागा संपली हे कसं ओळखायचं

मागे तोंडाची सीट तीनपैकी कोणतीही एक गोष्ट आधी झाली की संपते: वजनाची मर्यादा, लेबलवर उंची दिली असेल तर ती, किंवा डोक्यावरची जागा. डोक्याचा नियम सगळीकडे एक नाही. बऱ्याच अमेरिकी सीटमध्ये टाळूच्या वर किमान अडीच सेंटिमीटर कवच शिल्लक हवं असतं. युरोपीय सीटमध्ये बहुधा टाळू कवचाच्या किंवा हेडरेस्टच्या काठाच्या वर जाता कामा नये. पट्टे सर्वांत वरच्या खाचेत असूनही मुलाचे खांदे त्याच्याही बरेच वर गेले असतील तर ते बहुधा सीट संपत आल्याचं लक्षण. नेमकी अट पुस्तिकेत असते.

पाय दुमडले जाणं हे लक्षण नाही. मोठी मुलं मांडी घालून, पाय समोरच्या पाठीवर टेकवून किंवा बाजूंनी लोंबकळत सोडून आरामात बसतात. पालकांना पाय मोडण्याची भीती वाटते, पण पुढे तोंड करून बसलेल्यांचे पाय धडकेत समोरच्या आसनावर आपटतात आणि पायाच्या इजा त्यांच्यातच जास्त दिसतात. आणि पायाचं हाड जुळतं.

गाडी लागणं हे कारण खरं असतं, पण फिरवल्याने ते थांबेलच असं नाही. आधी सीट पुस्तिकेच्या मर्यादेत जास्त उभी करा, खिडकीतून बाहेर बघता येईल असं करा, गाडीत खेळण्याची स्क्रीन बंद ठेवा, हवा खेळती ठेवा. रडण्याचंही तेच: बऱ्याचदा मूल दिशेला नव्हे, लहान पडलेल्या सीटला किंवा फार आडव्या कोनाला कंटाळलेलं असतं.

पुढे फिरवायची वेळ आली की

सीट नुसती उलटी करून चालत नाही. जवळपास प्रत्येक सेटिंग बदलतं, आणि यातलं एखादं राहून जाणं हीच सर्वांत नेहमीची चूक.

बेल्टची वाट बदला. मागे तोंडाच्या वाटेतून बेल्ट तसाच ठेवून सीट पुढे फिरवलेली आढळते, आणि अशी सीट धडकेत पुढे कलंडते. खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा वरच्या खाचेत न्या. काही सीटमध्ये पुढे तोंडासाठी सगळ्याच खाचा चालत नाहीत, फक्त मजबूत केलेल्या वरच्याच चालतात. पाठीचा कोन जास्त उभा करा. गाडीचं हेडरेस्ट सीटला पुढे ढकलत असेल तर ते काढा किंवा वर करा, आणि काढलेलं गाडीत सुटं ठेवू नका. आयसोफिक्स असेल तर त्याच्या वजनाची मर्यादा पुन्हा वाचा. आय-साइझमध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो धरलेले असतात, अमेरिकेत साधारण साडेएकोणतीस. तुमच्या सीटवर याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. मर्यादा ओलांडली की बेल्टने बसवायची.

आणि टॉप टेदर. सीटच्या पाठीमागून निघणारा, टोकाला हुक असलेला हा पट्टा पुढे तोंड असताना सर्वांत जास्त कामाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे. तो लावल्याने धडकेत मुलाचं डोकं १० ते १५ सेंटिमीटर कमी पुढे जातं. समोरच्या आसनाची पाठ किंवा दार लागणं आणि न लागणं यातला फरक अनेकदा एवढाच असतो. हुक लावायची कडी सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर झाकणाखाली, हॅचबॅक आणि मोठ्या गाड्यांत आसनाच्या पाठीमागे, डिकीच्या तळाशी किंवा छतातही असते. जवळच सामान बांधायच्याही कड्या असतात. त्या दिसायला तशाच, पण हा भार सोसायला बनवलेल्या नसतात. जहाजाच्या नांगराच्या चिन्हाची कडीच वापरा, खात्री नसेल तर गाडीच्या पुस्तिकेतलं चित्र बघा. पट्टा हेडरेस्टच्या खालून की वरून न्यायचा तेही तिथेच असतं. आधी सीट खाली जखडा, मग टेदर आवळा. उलट क्रमाने केलं तर पुढचा बुडखा उचलला जातो.

सपोर्ट लेगवाल्या काही सीटना पुढे तोंड असतानाही टेदरऐवजी लेगच असतो. ते चालतं. दोन्ही नसलेली, फक्त दोन कड्यांवर पुढे तोंड करून बसवलेली सीट मात्र झुलते; तशी वापरू नका.

बाकी थोडक्यात

वापरलेली सीट तिचा इतिहास माहीत असेल तरच घ्या: अपघात झालेला नाही, सगळे भाग आणि पुस्तिका आहे, मुदत शिल्लक आहे. कवचावर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक सहा ते दहा वर्षं वापरायला सांगतात, कारण उन्हाने तापून-गार होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं. मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर सीट दिसायला धडधाकट असली तरी बदला. किरकोळ धक्क्याबद्दल त्या उत्पादकाचा नियम बघा.

पट्टे ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा. मशीनमध्ये धुणं, भिजत घालणं, ब्लीच, इस्त्री हे सगळं धाग्यांना कमजोर करतं. बकलमध्ये खाऊचे कण अडकून ते जड झालं असेल तर कोमट पाण्याने धुवा, तेल किंवा ग्रीस घालू नका.

प्रवास संपल्यावर झोपलेलं तान्हं बाळ सीटमध्येच ठेवून सीट पलंगावर किंवा जमिनीवर ठेवायची सवय नको. गाडीबाहेर तिचा कोन बदलतो आणि मान पुढे पडते. लांबच्या प्रवासात दोन तासांच्या आत एकदा थांबून बाळाला बाहेर काढा. पहिल्या काही आठवड्यांत याहूनही लवकर.

पुढे तोंडाचा हार्नेसही कधीतरी संपतो: खांदे वरच्या खाचेच्या वर गेले, कानांचं वरचं टोक कवचाच्या काठावर पोचलं किंवा वजन भरलं की. त्यानंतर पाठ असलेली बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी, म्हणजे बेल्ट अंगावर नीट येतो) आणि गाडीचा बेल्ट. त्याचा खालचा भाग पोटावर नाही तर मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून, मानेला न घासता. मूल संपूर्ण प्रवासभर असं नीट बसू शकत नसेल, झोपेत कलंडत असेल किंवा बेल्ट काखेखाली घेत असेल, तर हार्नेसची मर्यादा शिल्लक आहे तोवर त्याला हार्नेसमध्येच ठेवा.